पॅडचे यंत्र स्वतंत्र चालणारे घ्यावे की लॅपटॉपला जोडून चालणारे? (हलगी, भजन आणि नाटकाचे पार्श्वसंगीत)

मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. नोकरी सांभाळून गावोगावच्या हौशी नाट्यमंडळांसाठी पार्श्वसंगीत करतो, आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करतो आणि सवड मिळेल तशी हलगी, संबळ, चौंडके या वाद्यांचे आवाज टिपून ठेवतो. आजवरचे सगळे काम एका लॅपटॉपवर झाले. तो २०१६ सालचा आहे. त्यात ८ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. जोडीला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि लॅपटॉपमधले आवाज वाजवायचा छोटा मिडी कीबोर्ड, एवढाच माझा संसार.

अडचण अशी की माउसने एकेक ठोका मांडून केलेला ठेका ऐकताना मलाच कंटाळा येतो. बोटांनी वाजवता येतील असे पॅड हवेत. त्यासाठी दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे अकाईच्या एमपीसी वनसारखे यंत्र, ज्याला लॅपटॉप लागतच नाही. बेंगळुरूहून एक वापरलेले मिळण्यासारखे आहे. दुसरा रस्ता नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे माशीन एमके ३ किंवा एबलटनचे पुश २ यांचा, ज्यांत आवाज लॅपटॉपमध्ये तयार होतो आणि यंत्र फक्त हाताखाली असते. बेळगावच्या दुकानांत मला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड हाताळायला मिळाले, ही यंत्रे मात्र मिळाली नाहीत. चित्रफिती पुष्कळ पाहिल्या, पण त्या करणाऱ्यांचे काम आपल्यासारखे नसते. त्यांचा ठेका चार मात्रांचा असतो आणि लय पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत हलत नाही. आमच्याकडे मधूनच सात मात्रांचा रूपक येतो, आणि गजर सुरू झाला की लय कुठल्या कुठे पोहोचते.

लॅपटॉपचा थोडा धसकाही बसला आहे. गेल्या गणेशोत्सवात एका नाटकाला मी लॅपटॉपवरून आवाज सोडत होतो. नायिकेचे वडील वारतात त्या प्रसंगी रंगमंचावर पूर्ण शांतता होती, आणि नेमका तेव्हाच माझ्या लॅपटॉपवर कुणाचा तरी संदेश येऊन त्याची ‘टिंग’ मंडपभर घुमली. इंटरनेट बंद करायला मीच विसरलो होतो, तेव्हा दोष माझाच. पण वडिलांच्या मृत्यूवर हशा पिकलेला पाहिल्यापासून लॅपटॉप न्यायला हात धजत नाही.

ऐपत एकच वस्तू घेण्याइतकी आहे आणि ती पाच-सहा वर्षे चालली पाहिजे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पॅडवाला, निपाणी

खानापूरकर दादा, नमस्कार. मी वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजवतो आणि तीन वर्षांपासून एमपीसी वन वापरतो. माझे मत स्वतंत्र यंत्राच्या बाजूचे आहे, पण आधी एक गैरसमज दूर करतो. ‘स्वतंत्र’ यंत्रातही संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, सुरू व्हायला वेळ लागतो आणि कधीमधी ते अडकतेही. फरक इतकाच की त्या संगणकाने काय करायचे आणि काय करायचे नाही हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. म्हणून ‘संगणक हवा की नको’ हा प्रश्न बाजूला ठेवून, त्या ठरवलेल्या कुंपणाच्या आत आपले काम मावते का, एवढे पाहावे.

बनवणाऱ्यांनाही याचा निर्णय एकदाच घेता आलेला नाही. अकाईने १९८८ साली रॉजर लिन यांच्याकडून एमपीसी ६० घडवून घेतले, तेव्हा ते अर्थातच स्वतंत्र यंत्र होते. पुढे २०१२ मध्ये त्याच कंपनीने एमपीसी रेनेसान्स आणले, जे संगणकाशिवाय चालत नसे. २०१७ मध्ये एमपीसी लाइव्ह आणि एमपीसी एक्स आणून ती पुन्हा मूळ वाटेवर आली. माशीनचा प्रवास याच्या उलट झाला. २००९ मध्ये ते संगणकाला बांधलेले होते आणि २०२० मध्ये माशीन प्लसच्या रूपाने मोकळे झाले.

एमपीसी वनवर १६ पॅड आहेत आणि त्यांच्या ८ बँका (आवाजांचे संच), म्हणजे एकूण १२८ आवाज हाताशी राहतात. तुमच्या नाटकाचा पाऊस, मोटार, दाराची कडी, सनई असे सगळे अंकवार मांडून ठेवता येते, आणि मधेच कुणाचा संदेश येण्याचा प्रश्नच नाही. रूपकाची चिंता करू नका. प्रत्येक सिक्वेन्सला (यंत्रात मांडून ठेवलेल्या ठेक्याला) मात्रांची मोजणी वेगळी देता येते, त्यामुळे सातांचे आवर्तन सरळ बसते. लय वाढत जाण्याचे दुखणे मात्र दोन्ही प्रकारच्या यंत्रांत सारखेच आहे. त्यावर माझा उपाय असा की गजराला सिक्वेन्स लावायचाच नाही, सरळ हाताने वाजवायचे.

आता यंत्राची दुखरी बाजू. एमपीसी वनमध्ये बॅटरी नाही. एका पावसाळी संध्याकाळी मी चाळीस मिनिटे बसून एक ठेका बांधत होतो आणि वीज गेली. यंत्र क्षणात काळे झाले. जे चालू होते ते रॅममध्ये होते आणि मी एकदाही जतन केले नव्हते, त्यामुळे चाळीस मिनिटांचे काम गेले ते गेलेच. विचित्र गोष्ट अशी की त्या वेळी टेबलावर लॅपटॉपही चालू होता आणि तो बॅटरीवर निवांत तेवत राहिला. तुमच्या बाजूला, विशेषतः कणकुंबीकडे, पावसाळ्यात विजेचे काय होते हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. बॅटरी हवी असेल तर एमपीसी लाइव्ह पाहा. एमपीसी वनच घेतलेत तर बरोबर छोटा यूपीएस घ्या आणि दर पाच मिनिटांनी जतन करण्याची सवय बोटांना लावा.

ध्वनिमुद्रक, शहापूर (बेळगाव)

निपाणीच्या मित्रांनी नाटकाच्या अंगाने जे लिहिले ते पटण्यासारखे आहे, पण प्रश्नकर्त्यांच्या कामातला मोठा वाटा भजनाच्या ध्वनिमुद्रणाचा आहे आणि तिथे माझे मत वेगळे आहे. मी गेली बारा वर्षे घरच्या खोलीत गायन आणि भजन ध्वनिमुद्रित करतो. त्या अनुभवावरून सांगतो की माणसाच्या गळ्याचे काम करायचे असेल तर मोठा पडदा आणि माउस यांना पर्याय नाही. बुवांनी एकच अभंग चार वेळा म्हटला, त्यातल्या दुसऱ्यातली पहिली ओळ चांगली आहे, तिसऱ्यातला अंतरा चांगला आहे, आणि चौथ्यात सगळे उत्तम असून मागे कोंबडा आरवला आहे. असे तुकडे निवडून, श्वास सांभाळून जोडण्याचे काम सात इंची पडद्यावर बोट फिरवून करता येत नाही असे नाही, पण रात्र सरते आणि अभंग तिथेच राहतो.

शिवाय एमपीसी वनला मायक्रोफोन थेट जोडता येत नाही. त्याचे इनपुट लाइन पातळीचे, म्हणजे मायक्रोफोनपेक्षा जोरदार संकेतासाठीचे आहेत. तुमच्या कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मायक्रोफोनच्या तारेतूनच मिळणारी वीज) लागते, ती तुमचा आजचा इंटरफेस देतो, म्हणजे तो इंटरफेस काही सुटत नाही. ट्रॅकचाही हिशेब करा. दुसऱ्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरवर एमपीसी स्वतंत्र चालताना ८ ऑडिओ ट्रॅक मिळत, आणि यंत्राची रॅम २ जीबी आहे. २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या अभंगाचे आठ ट्रॅक सव्वातीनशे एमबीच्या आसपास जातात. हे चालण्यासारखे आहे. पण भजनात पखवाज, पेटी, टाळ, बुवा आणि मागचे चार-पाच जण आले आणि प्रत्येकाचे दोन-दोन प्रयत्न ठेवायचे म्हटले की आठ ट्रॅक पहिल्याच बैठकीत संपतात.

आता लॅपटॉपबद्दल, कारण खरा निर्णय तिथे अडलेला आहे. पुश २ किंवा माशीन एमके ३ घेऊन तुमचा लॅपटॉप वेगवान होणार नाही. पॅड दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर हा मुख्यतः बफरवर, म्हणजे लॅपटॉप एका दमात आवाजाचे किती नमुने हाताळतो त्यावर ठरतो. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांच्या बफरला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला ११.६. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ११.६ मिलिसेकंदांचा उशीर हा हलगी आपल्यापासून चार मीटरवर वाजत असल्यासारखा आहे. मंडपात चार मीटरवरच्या झांजेबरोबर आपण सुखाने वाजवतो, पण आपल्याच बोटाखालचा ठोका चार मीटरवरून ऐकू आला की हात अडखळतो. जुना लॅपटॉप २५६ वर कडकड आवाज करू लागला की माणूस बफर वाढवतो, आणि मग महागड्या पॅडवर वाजवूनही मजा येत नाही. तुम्ही आजच छोटा मिडी कीबोर्ड जोडून, बफर १२८ वर ठेवून, दहा मिनिटे ठेका वाजवून पाहा. त्यात आवाज तुटला तर पॅड जोडूनही तुटणार.

आणखी एक बाब. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ अधिकृतपणे चढवायला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि २०१६ च्या लॅपटॉपमध्ये तो असणे शक्य नाही. इंटरनेट तोडून जुना लॅपटॉप केवळ ध्वनिमुद्रणासाठी ठेवला तर तो अजून बरीच वर्षे काम देईल. पण उद्या घेतलेल्या कंट्रोलरचे (लॅपटॉपला जोडून चालणाऱ्या यंत्राचे) सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत नवी विंडोज मागू लागले, तर यंत्र धडधाकट असूनही अडकून पडेल. पाच-सहा वर्षांची अट तुम्हीच घातली आहे, म्हणून हे लिहिले.

माझा सल्ला कदाचित निराश करील. आधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि जमल्यास रॅम १६ जीबी करा. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दोन महिने काम करा. त्यानंतरही बोटे शिवशिवत असतील तर पॅडचा विचार करा.

चिकोडीकर

वरच्या चर्चेत पुश ३ राहिले. ते २०२३ मध्ये दोन प्रकारांत आले. एकात प्रोसेसर नाही आणि ते संगणकाला जोडावे लागते. दुसऱ्यात इंटेल कोअर आय ३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि बॅटरी आहे. पहिल्यात नंतर प्रोसेसरचा संच बसवून त्याला स्वतंत्र करता येते, त्यामुळे ‘हे की ते’ हा निर्णय पुढे ढकलता येतो, हे मला त्यात आवडले. बाजारात आले तेव्हाच्या किमती अनुक्रमे ९९९ आणि १९९९ डॉलर होत्या, तेव्हा आपल्यासारख्यांनी दुरून नमस्कार करावा हे बरे. स्वतंत्र पुश ३ वर इतर कंपन्यांचे प्लगइन (वाद्यांच्या आवाजांची जोड-सॉफ्टवेअरे) चालत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. नाटकात फक्त आवाजच सोडायचे असतील तर रोलंडच्या एसपीडी-एसएक्सवर ९ पॅड आहेत आणि आपल्याकडच्या वादकांना ते चालवता येते.

मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ध्वनिमुद्रक सरांनी सांगितलेली परीक्षा काल रात्री करून पाहिली. १२८ वर दुसऱ्याच मिनिटाला आवाज फाटू लागला, २५६ वर कसेबसे चालले, आणि पखवाजाचा प्लगइन लावताच तेही थांबले. म्हणजे लॅपटॉपला जोडायचे यंत्र आज घेणे हा वेडेपणा ठरला असता.

एक शंका उरते. माझ्यासाठी सगळ्यांत जिव्हाळ्याचे काम हलगी आणि चौंडक्याचे आवाज जमवण्याचे आहे. सौंदत्तीच्या यात्रेला जाणाऱ्या एका ओळखीच्या जोगतिणीने चौंडके वाजवून दाखवायचे कबूल केले आहे. या वाद्यांचे आवाज पॅडवर घेतले की ते निर्जीव का होतात? मी हलगीचा एक छान ठोका टिपला आहे, पण तोच सोळा वेळा वाजवला की टाइपरायटर वाटतो.

पॅडवाला, निपाणी

दादा, याचे कारण यंत्रात नाही. हलगीवर लागोपाठचे दोन ठोके कधीच सारखे नसतात. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक काडी, आणि कातडे शेकलेले असते तोवर आवाज टणटणीत असतो. जाळापासून बाजूला आणली की थोड्याच वेळात कातडे सैल पडू लागते आणि आवाज उतरतो. त्यामुळे टिपायचे ते पहिल्या दमात, लगेच. शेकल्यावर एकाच जागेचे किमान चार ठोके हलके, चार मध्यम, चार जोरात असे घ्या. एमपीसीवर दुसऱ्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पॅडवर ४ थर, म्हणजे चार वेगवेगळे ठोके बसतात. ते आळीपाळीने वाजतील असे लावले की टाइपरायटर जातो. मधल्या ठोक्यांचा पॅड वेगळा, कडेच्या ठोक्यांचा वेगळा ठेवा. मी असे तीन पॅड करून वाजवतो तेव्हा आमच्या हलगीवाल्याने एकदाच मान हलवली होती, आणि तो सहसा हलवत नाही.

चौंडक्याचे मात्र तसे होणार नाही. त्याची तार छेडताना हाताने ताण कमीजास्त करतात आणि सूर वर-खाली सरकतो. एक छेड टिपून ती पॅडवर वाजवली तर तो सरकणारा सूर कुठून येणार? तिथे एकेक आवाज जमवण्याच्या नादाला लागू नका. आवर्तनाएवढे सलग तुकडे टिपा आणि एका पॅडवर एक तुकडा ठेवा. बाईंना हेडफोनमध्ये क्लिक (यंत्राच्या लयीची टकटक) देऊ नका, त्यांच्या लयीत त्यांना वाजवू द्या आणि नंतर यंत्राची लय त्या तुकड्याला जुळवून घ्या.

ध्वनिमुद्रक, शहापूर (बेळगाव)

चौंडक्याबद्दल पूर्ण सहमत. त्यात भर एवढीच की हे टिपण्याचे काम यंत्रावरही करू नका आणि लॅपटॉपवरही नको. बॅटरीवर चालणारा हातातला रेकॉर्डर सर्वांत उत्तम. जोगतिणीच्या अंगणात आपण तारा पसरल्या की ती वाजवायचे सोडून तारांकडेच बघत बसते, हे मी पाहिले आहे.

आणि नाटकाला लॅपटॉप न्यावाच लागला तर विमान मोड लावा, एवढ्याने तुमची ‘टिंग’ थांबेल. स्पीकरमधून घरघर येऊ लागली तर चार्जर काढून पाहा. थांबली तर डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची, घरघर तोडणारी छोटी पेटी) वापरा, पण चार्जरची अर्थिंगची पिन कापण्याचा जो उपाय मंडपवाले सुचवतात तो कदापि करू नका. स्वतंत्र यंत्रालाही अडॅप्टर असतोच, त्यामुळे ही घरघर तिथेही येऊ शकते.

निपाणीच्या मित्रांशी माझा वाद आता फारसा उरलेला नाही. प्रश्नकर्त्यांचा लॅपटॉप नाटकातून मुक्त होऊन भजनासाठी घरी राहणार असेल, तर बोटांसाठी स्वतंत्र यंत्र घेण्याला माझी हरकत नाही. एमपीसी नंतर यूएसबीने लॅपटॉपला जोडून कंट्रोलर म्हणूनही वापरता येते. फक्त तसे जोडून लॅपटॉपमधले प्लगइन वापरले, तर घराबाहेर निघण्यापूर्वी ते ट्रॅक ऑडिओ करून ठेवायला हवेत, नाहीतर मंडपात गेल्यावर तेवढे ट्रॅक मुके असतील.

मलप्रभाकाठ, खानापूर

एसएसडीची ऑर्डर दिली आहे. बेंगळुरूच्या माणसाला मात्र अजून होकार कळवलेला नाही, कारण पॅडवाल्या दादांची हरकत नसेल तर येत्या रविवारी निपाणीला येऊन त्यांच्या यंत्रावर स्वतःची बोटे चालवून पाहावी असा विचार आहे. येताना आमची हलगी आणू का?

पॅडवाला, निपाणी

अवश्य या, आणि हलगीही आणा. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्यामुळे गच्चीवर गवताचा जाळ करू द्यावा म्हणून घरमालकांना आजच विचारून ठेवतो. त्यांनी नाही म्हटले तर गॅसच्या शेगडीवर शेकू. थोडा वास येईल, पण आमच्या घरात त्याची सवय आहे.